बीजेची कोर आणि पंचांगाचें गणित

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आमच्या घरीं पहिली ओवाळणी चंद्राला आणि मग भावाला, असा जुना रिवाज आहे. त्याप्रमाणें माझी पुतणी तबक घेऊन गच्चीवर गेली. पण पश्चिमेस पाहते तों क्षितिजाच्या जागीं दहा मजल्यांची नवी इमारत उभी. बीजेचा चंद्र सूर्यामागोमाग तासा-दीड तासांतच मावळतो; तो त्या इमारतीआड केव्हांच उतरला होता. तिनें अदमासानेंच तबक ओवाळलें आणि खालीं येऊन मला विचारलें, "काका, द्वितीया तर पंचांगांत छापलेलीच असते. मग चंद्र पाहायचा तरी कशासाठीं?" प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि त्याचें उत्तर मला त्या वेळीं नीट देतांहि आलें नाहीं. तें देण्याचा यत्न येथें करीत आहें.

आमच्या वसईसारख्या गांवीं हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे; कारण येथें एकाच चंद्राकडे तीन धर्मांचे लोक तीन रीतींनीं पाहत आले आहेत. मुसलमानांचा महिना चंद्र डोळ्यांनीं दिसला म्हणजे सुरू होतो. ढगांमुळें तो न दिसला, तर चालू महिन्याचे तीस दिवस पुरे करावे, असा त्यांचा सरळ नियम आहे. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा सणहि चंद्राशींच बांधलेला आहे. वसंतसंपाताच्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. मात्र ही पौर्णिमा आकाशांतली नव्हे, चर्चच्या कोष्टकांतली. हिंदूंची रीत तिसरीच. सूर्य आणि चंद्र एकत्र आले कीं अमावास्या संपली, आणि पुढें त्यांच्यांत दर बारा अंशांचें अंतर पडलें कीं एकेक तिथि पुरी झाली. तो क्षण मध्यरात्रीं येवो वा भर दुपारीं, तो कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं, गणितानेंच कळतो. म्हणजे महिना सुरू करण्यासाठीं हिंदूंस चंद्र पाहण्याची गरज उरलेली नाहीं. तरीहि चंद्रदर्शनाची चाल टिकली. असें कां व्हावें?

आरंभीं आपल्याकडेहि डोळ्याचाच अंमल होता. वैदिक वाङ्मयांत अमावास्येचे सिनीवाली आणि कुहू असे दोन भेद आहेत. जींत चंद्राची रेषा अजून दिसते ती सिनीवाली, जींत ती मुळींच दिसत नाहीं ती कुहू. अमावास्या समजून यज्ञाचें हविर्द्रव्य काढून ठेवावें, आणि पूर्वेस चंद्र उगवलेला दिसावा, असा प्रसंगहि येई. त्यासाठीं अभ्युदयेष्टि नांवाचा स्वतंत्र विधि सांगितला आहे. चूक आकाशानें दाखवावी आणि माणसानें ती विधिपूर्वक मान्य करावी, ही वृत्ति मोठी प्रांजळ आहे.

पुढें सिद्धान्तग्रंथ झाले आणि गणितानें निर्णयाची जागा घेतली. त्यांत नुसती विद्वानांची हौस नव्हती. आषाढापासून भाद्रपदापर्यंत कोंकणच्या आकाशांत बीजेची कोर किती वेळां दिसते, हें वसईकरांस सांगावयास नको. जेथें व्रतवैकल्यांचा मोठा भाग पावसाळ्यांत येतो, तेथें केवळ डोळ्यावर विसंबून वर्षाचा हिशेब चालणें कठीण होतें. परंतु गणितानें डोळ्यास हद्दपार केलें नाहीं. सूर्यसिद्धान्तांत चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेला म्हणजे पश्चिमेस दिसूं लागतो, असें सांगितलें आहे. आणि बारा अंश म्हणजेच एक तिथि. प्रतिपदा संपते आणि चंद्र दिसण्याजोगा होतो, हा मेळ लक्षांत घेतला म्हणजे दर्शनाचा मान द्वितीयेस कां, हें उलगडतें. त्याच ग्रंथांत चंद्राच्या शिंगांपैकीं कोणतें किती उंच दिसेल हें काढण्यासाठीं शृंगोन्नतीचा एक स्वतंत्र अधिकार आहे. जें पाहावयाचेंच नाहीं, त्याचें गणित इतक्या काळजीनें कोण करील?

अमावास्या लवकर संपली असेल, तर प्रतिपदेच्या संध्याकाळींहि एखाद्या तीक्ष्ण दृष्टीस अगदीं बारीक रेषा दिसते. एरव्हीं ती सूर्यप्रभेंतच लोपते. शिवछत्रपतींच्या मुद्रेचा अर्थ ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. रांझें गांवच्या पाटलासंबंधीं २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर जी संस्कृत मुद्रा आहे, तींत उपमा बीजेच्या चंद्राची नाहीं, प्रतिपदेच्या चंद्रलेखेची आहे. जी आज फार थोड्यांस दिसेल, पण जिची वाढ निश्चित आहे, अशी ती रेषा. ज्या समाजाला आकाश पाहण्याची संवय होती, त्याला ह्या उपमेंतील धैर्य समजावून सांगावें लागलें नसेल.

ही संवय केवळ शास्त्रीपंडितांची नव्हती. आगाशीस माझी आजी बीजेची कोर दिसतांच पदराच्या कांठाची एक दशी काढून चंद्राला वाही आणि "जुनें घे, नवें दे" एवढेंच म्हणे. ज्या बाईला भाऊ नाहीं ती चंद्रालाच भाऊ मानून ओवाळते, हें तर घरोघर ठाऊक आहे. उलट भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्र पाहूं नये म्हणून स्यमंतक मण्याची कथा सांगतात. पाहण्याचा विधि आणि न पाहण्याचा निषेध, दोन्हींत माणसाची दृष्टि आकाशाकडे असते हें गृहीतच आहे.

पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळ्याला तर ही कोर म्हणजे धंद्याची खूण. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण जोरावर येतें. डोल जाळें भरतीओहोटीच्या ओढीवर चालतें, म्हणून मासेमारीस उधाणाचे दिवस चांगले आणि भांगाचे दिवस मंद. तिथीचा अंक पाऊणपट केला म्हणजे पूर्ण भरतीची वेळ कळते. बीजेला दीड, चतुर्थीला तीन, असा किनाऱ्यावरचा तोंडचा हिशेब आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत चंद्राच्या कोरीचे आकार वर्णिले आहेत, त्यांत एक नावेचा आहे. तो सर्व लोकांस शुभ, पण नावाड्यांस पीडादायक, असें त्याचें फळ सांगितलें आहे. आज आपणांस ठाऊक आहे कीं कोरीचा हा कल ऋतूप्रमाणें बदलतो आणि माघ-फाल्गुनांत ती आडव्या नावेसारखी दिसते. त्यांत नावाड्याचें शुभाशुभ कांहीं नाहीं. फळ खोटें ठरलें; निरीक्षण मात्र खरेंच राहिलें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. गणित हें माणसाचें काम. तें काळाबरोबर ढळतें. तें ढळल्याचें कळतें आकाशाकडे पाहूनच. जंजिऱ्याजवळच्या नांदगांवीं, म्हणजे ह्याच पश्चिम समुद्राच्या कांठीं, केशव दैवज्ञानें ग्रहांचे वेध घेऊन जुन्या ग्रंथांशीं ताडून पाहिले. त्याचा मुलगा गणेश ह्यानें शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचला. महाराष्ट्राचीं पंचांगें पुढें शतकानुशतकें त्यावर चाललीं. पण साडेतीनशे वर्षांत तोहि आकाशाशीं जुळेनासा झाला. तेव्हां केरो लक्ष्मण छत्रे यांनीं नव्या युरोपीय गणितावरून शुद्ध पंचांग सिद्ध करून १८६५ मध्यें प्रसिद्ध करावयास आरंभ केला. लोकांनीं तें सहजासहजीं स्वीकारलें नाहीं. वाडवडिलांची एकादशी बदलते, हें दुःख खरेंच होतें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या ग्रंथांत हा सारा इतिहास मराठींत मांडून ठेवला आहे.

हा अनुभव एकट्या हिंदूंचा नव्हे. चर्चचीं कोष्टकेंहि चंद्रापासून आणि संपातापासून अशींच ढळलीं होतीं. पोप तेरावा ग्रेगरी याला १५८२ त त्यांची दुरुस्ती करावी लागली, आणि पोर्तुगालनें ती त्याच वर्षीं स्वीकारली. वसई तेव्हां पोर्तुगीज अमलाखालीं होती. १५३४ पासून १७३९ पर्यंत ती तशीच राहिली. कोणत्याहि धर्माचें गणित आकाशाला अखेरचा जाब देण्यापासून सुटत नाहीं, असाच ह्याचा अर्थ.

म्हणून पुतणीस माझें उत्तर असें. पंचांग आपणांस तिथि सांगतें. चंद्र आपणांस पंचांग खरें कीं खोटें तें सांगतो. आजचें गणित इतकें सूक्ष्म आहे कीं आपल्या साध्या डोळ्यानें त्यांत दोष निघण्याचा संभव नाहीं, हें मी जाणतों. पण छापील शब्दाची बाहेर जाऊन खातरजमा करून घेण्याची संवय केवळ चंद्रापुरती नसते. ती एका जागीं सुटली म्हणजे दुसऱ्या जागींहि सुटते. २००९ त वसई-विरार महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, इमारती उंच झाल्या. त्याबद्दल तक्रार करणें व्यर्थ आहे. माणसांस घरें हवींत. मात्र पश्चिमेचा समुद्र अजून जागेवर आहे.

मार्गशीर्षाच्या बीजेस आम्ही दोघें भुईगांवच्या किनाऱ्यावर गेलों. सूर्य बुडाल्यावर सुमारें वीस मिनिटांनीं तिलाच कोर आधीं दिसली. माझ्या चष्म्यास ती सांपडावयास आणखी थोडा वेळ लागला. तिनें ओढणीच्या कांठाचा एक धागा काढला आणि मला विचारलें, "आजी काय म्हणायची?" मीं सांगितलें.