तार, तात आणि रबर

वाद्याची तार बदलणं हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. जुनी काढायची, नवी घालायची. माझी सतारीची तीस वर्षं याच समजुतीत गेली. पुढे डाव्या हाताची बोटं सांध्यांत आखडली, डॉक्टरांनी पोलादी तारेवर मींड ओढायला मनाई केली आणि सतार गवसणीत गेली. तेव्हा पुतण्याने मला बास युकुलेली आणून दिली. हातभर लांबीचं वाद्य, पण आवाज पुरुषभर उंचीच्या डबल बासचा! तारा मात्र रबरी. आमच्या सौभाग्यवतींनी एक तार ओढून पाहिली आणि विचारलं, "ही पायजम्यात घालायची का?"

प्रश्न वाटतो तितका अडाणी नव्हता. वाद्यांचा निम्मा इतिहास, तार कशाची करायची, या एकाच काळजीत गेलेला आहे.

युकुलेली मूळची हवाईची नव्हेच. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यात पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून आलेली चारशेवर माणसं होती. उसाच्या मळ्यांवर राबण्याचा करार करून आलेली. चार महिने समुद्र कापून आलेल्या या मंडळींनी सोबत 'माशेत' हे छोटं वाद्य आणलं होतं. दोनच आठवड्यांत तिथल्या वर्तमानपत्रात त्यांच्या रस्त्यावरच्या मैफलींची बातमी आली. म्हणजे सामान सोडायच्या आधी यांनी सूर लावले असणार. त्याच जहाजावर नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. ऊस बाजूला राहिला आणि तिघे वाद्यं करू लागले. राजा कालाकाउआला ते आवडलं आणि वाद्य दरबारात गेलं. 'युकुलेली' म्हणजे उडी मारणारी पिसू, असा अर्थ बहुतेक सांगतात. राणी लिलिउओकलानीने मात्र 'इथे आलेली देणगी' असा लावला होता. राणीचं राज्य १८९३ मध्ये गेलं, पिसू राहिली.

त्या काळी तारा आतड्याच्या असत. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला आणि सारंगीला लावतात ती तात, तोच प्रकार. इंग्रजीत तिला 'कॅटगट' म्हणत असले तरी मांजरीचा त्यात काडीचा संबंध नाही, आतडं मेंढीचं. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवायला तात लागू लागली आणि वादक हात चोळत बसले. १९३८ मध्ये जाहीर झालेलं नायलॉन मग कामी आलं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने त्याच्या गिटारच्या तारा केल्या आणि खुद्द सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या.

पण बासची गोष्ट वेगळी. मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्येच नियम छापून ठेवला होता: तारेची लांबी निम्मी केली आणि सूर तोच हवा असेल, तर ताण चौथाईवर आणा, नाहीतर तार चौपट वजनाची करा. डबल बासची तार सुमारे बेचाळीस इंच, माझी एकवीस. पोलाद तेवढं जाड केलं तर त्याची तार राहत नाही, गज होतो. तेव्हा जाड, जड आणि तरीही लवचीक असं काहीतरी हवं. १९८६ मध्ये 'अ‍ॅशबोरी' नावाच्या चिमुकल्या बासला चक्क सिलिकोन रबराच्या तारा लावल्या. त्या बोटांना इतक्या चिकटत की वाजवण्यापूर्वी हाताला पावडर लावावी लागे. मग अमेरिकेच्या ओवेन होल्टने पॉलियुरेथेनच्या तारा वापरून बास युकुलेली जमवली. त्या काळ्या तारांना त्याने 'पाहोएहोए' नाव दिलं. हवाईत दोरखंडासारख्या वळ्या पडत थिजणाऱ्या लाव्हाचं हे नाव. आपल्या सह्याद्रीतल्या लाव्हालाही भूशास्त्रज्ञ हाच शब्द लावतात. हे कळल्यावर मला त्या तारांबद्दल उगीचच आपुलकी वाटू लागली.

आपुलकी तार बदलेपर्यंत टिकली. गाठ मारलेलं टोक वाद्याच्या पोटातून घोडीच्या भोकात घातलं, दुसरं खुंटीला गुंडाळलं आणि पिळत बसलो. खुंटी भरून गेली तरी सूर लागेना! तार नुसती लांबत होती. खुंटीवर वळ्यांचा लाडू झाला. शेवटी सगळं उलगडलं. ही तार आधी हाताने चांगली ताणून घ्यायची आणि मगच खुंटीला द्यायची, असं पुतण्याने फोनवर सांगितलं. "काका, पोलादासारखी नाही ती. तिला वेळ द्यावा लागतो."

चार तारांना दोन तास लागले. रात्री सूर जुळवून झोपावं आणि सकाळी चारही तारा उतरलेल्या असाव्यात, असं आठवडाभर चाललं होतं. काल आठव्या दिवशी पहाटे उठून छेडून पाहिलं, खालचा षड्ज जागेवर होता. बोटही दुखलं नाही. तासभर वाजवलं. आतून आवाज आला, "पायजम्याची नाडी लागली वाटतं सुरात!"