समृद्धीचा वेग आणि बुलढाण्याचे रस्ते

१ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी प्रवासी बस उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. त्यांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. बस दरवाजाच्या बाजूवरच आडवी झाल्याने बाहेर पडण्याची नेहमीची वाट जमिनीखाली दबली. काचा फोडून जे निसटू शकले, तेवढेच वाचले. टायर फुटल्याचा चालकाचा दावा परिवहन विभागाच्या पाहणीत टिकला नाही. मृतदेहांची ओळख पटवणे अशक्य झाल्याने दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात बहुतेक मृतांवर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. मृतांपैकी अनेकांचा या जिल्ह्याशी संबंध होता तो इतकाच, की झोपेत असताना त्यांची गाडी येथून जात होती.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. एकूण ७०१ किलोमीटरपैकी सुमारे ८७ किलोमीटर रस्ता बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या घाटावरच्या तालुक्यांतून जातो. या जिल्ह्याने रस्त्याची किंमत तो खुला होण्याआधीच मोजायला सुरुवात केली होती. २० ऑगस्ट २०२१ रोजी दुसरबीडजवळ तढेगाव येथे, महामार्गाच्या कामावरील मजूर आणि लोखंडी सळया एकत्र वाहून नेणारा टिप्पर उलटला व १३ मजूर दगावले. माल आणि माणसे एकाच गाडीत नेण्याची ही पद्धत कायद्याने निषिद्ध आहे, पण बांधकामांवर ती सर्रास दिसते.

सरळ रस्त्याचा धोका

समृद्धीवर मोटारींसाठी सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. चालकाला पाच सेकंदांची डुलकी लागली, तर दीडशे मीटरहून अधिक अंतर गाडी आपल्या मनाने कापते. शिवाय धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ६० ऐवजी १२० च्या वेगाने झालेला आघात दुप्पट नव्हे, चौपट असतो. वळणे नाहीत, चौक नाहीत, समोरून वाहन नाही, दुकाने नाहीत, अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो. त्याला ‘महामार्ग संमोहन’ असे नाव मिळाले असून, या महामार्गाच्या संदर्भातच तो शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. त्यावरचा उपाय मात्र जुनाच आहे: थांबणे, चहा घेणे, पाय मोकळे करणे. पहिला टप्पा खुला झाला तेव्हा उपाहारगृहे व विश्रांतीच्या सोयी अत्यल्प होत्या. रस्ता आधी आणि थांबे मागाहून, हा क्रम केवळ गैरसोयीचा नव्हता.

सायंकाळी नागपुरातून सुटणाऱ्या गाड्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे झोपेचा अंमल वाढत असताना, बुलढाण्याच्या हद्दीत येतात. त्यामुळे प्रवासी गाड्यांची तपासणी दिवसा टोलनाक्यावर करून भागत नाही. आपत्कालीन दारे खरोखर उघडतात का, काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, दुसरा चालक सोबत आहे का, हे गाडी सुटण्यापूर्वी पाहावे लागते.

जोडरस्ते आणि वाढती गावे

समृद्धीवर दुचाकी, रिक्षा, बैलगाडी यांना मज्जाव आहे. पण मेहकर वा सिंदखेडराजा येथे उतरून बाहेर पडलेली मोटार काही मिनिटांतच त्यांच्यामध्ये येते. तासभर १२० च्या वेगाला सरावलेल्या चालकाला ६० चा वेग रांगण्यासारखा वाटतो, आणि त्याच वेळी शेतातून निघालेला ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना रस्त्यावर चढतो. जुना नागपूर मार्ग सुलतानपूर, बिबी, दुसरबीड अशा गावांमधूनच जातो. तेथे बसथांबा आणि बाजार रस्त्याच्या कडेलाच भरलेले असतात. महामार्ग जेथे संपतो, तेथे वेग उतरवणारी रचना हवी. निव्वळ फलक पुरेसा नसतो.

घाटाखालचे दुखणे याहून जुने आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर वाढली. एकेकाळचा हा क्रमांक ६ चा महामार्ग आता ५३ क्रमांकाचा आहे. २९ जुलै २०२३ रोजी, म्हणजे पिंपळखुट्याला महिनाही झाला नसताना, मलकापुरात पहाटेच्या अंधारात दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या. त्यांतील एक अमरनाथहून हिंगोलीकडे परतणाऱ्या यात्रेकरूंची होती. २ एप्रिल २०२५ रोजी खामगाव-शेगाव मार्गावर बोलेरो, एसटी आणि खासगी बस यांच्या तिहेरी अपघातात पाच जण ठार झाले. हा रस्ता गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांचाही आहे. आषाढीनंतर पालखी परतते तेव्हा खामगावपासून शेगावपर्यंत माणसांचा पूर लोटतो. तरीही पायी चालणाऱ्याचा विचार रस्तारुंदीकरणात सहसा अखेरीस होतो.

अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक असतो. सिंदखेडराजाच्या परिसरातून गंभीर जखमीला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. बुलढाण्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्याचा खरा उपयोग अस्थिरोग, भूलशास्त्र व मेंदू शस्त्रक्रियेचे डॉक्टर रात्रीही उपलब्ध असतील तेव्हाच होईल. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची केंद्र सरकारची योजना लागू आहे. जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तरी पोलिसांच्या ससेमिऱ्याची धास्ती खेड्यापाड्यांतून अजून पुरती गेलेली नाही.

महामार्गालगत नवनगरे वसवण्याच्या योजनेत मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातील सावरगाव माळ यांची नावे पुढे आली होती. गोदामे, प्रक्रिया उद्योग, घरे, शाळा असे चित्र त्यात रंगवले गेले. अशा वस्तीत मालट्रक कोणत्या बाजूने शिरणार, शाळा रस्त्याच्या कोणत्या अंगाला असणार, मजुरांनी पायी कोठून ओलांडायचे, हे भूखंडांची आखणी होण्यापूर्वीच ठरवावे लागते. मलकापूर आणि खामगावात ही संधी मिळाली नाही, कारण तेथे महामार्गाच्या कडेने गाव आधीच दाटले होते.