बोरा बाजारातला ६.१

२००७ साली बोरा बाजारात कॅमेरा घ्यायला गेलो, तेव्हा डोक्यात एकच आकडा होता: मेगापिक्सल. खिशातल्या चपट्या डिजिटल कॅमेऱ्यात सात होते आणि या निकॉन डी४०मध्ये फक्त ६.१! दुकानदारकाकांनी काही न बोलता तो हातात दिला. अर्ध्या किलोच्या आसपास वजन, शटरचा तो खट् आवाज. आकडा विसरलो.

२००३मध्ये कॅननच्या ३००डीने हजार डॉलरच्या खाली उतरून डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आणला होता. अंग चंदेरी प्लॅस्टिकचं, पण आत ६.३ मेगापिक्सल. मग कॅमेरे लहान करण्याची चढाओढ लागली. डी४०मध्ये निकॉनने माथ्यावरचा माहितीचा पडदा गाळला, फोकसची मोटरही.

मोटरचं मला घरी कळलं. बाबांची फिल्मच्या जमान्यातली ५० मिमीची लेन्स लावली, तर फोकस हलेचना. मोटर आता लेन्समध्येच हवी होती. "घरी जुन्या लेन्स आहेत का?" काकांनी विचारलं होतं; कपाटातली ती मलाच आठवली नव्हती. शेवटी हाताने कडं फिरवत भाचीचं बारसं टिपलं. निम्म्या फोटोंत बाळ धूसर, पाळण्याची झालर मात्र लख्ख.