कुलाब्याचे अर्जदार

शीव-पनवेल महामार्ग, पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, शिळफाट्याकडून उतरणारा रस्ता आणि न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघालेली अवजड वाहतूक ही सर्व जेथे एकवटतात, त्या कळंबोलीला काही इतिहास असेल ही कल्पना तेथील लोखंड-पोलादाच्या बाजारातून अथवा सिडकोच्या वसाहतींतून जाणाऱ्या परक्या माणसाच्या मनास सहसा शिवत नाही. ज्यांचे संसार तेथेच उभे राहिले, त्यांनाही आपण ज्या जिल्ह्यात राहतो त्याने जन्मजात उच्चनीचतेशी किती निकराचा झगडा केला आहे, ह्याची जाणीव क्वचितच असते. हा जिल्हा म्हणजे १९८१ पासून रायगड ह्या नावाने ओळखला जाणारा जुना कुलाबा. वंशभेद आणि वर्णद्वेष ह्यांचा अभ्यास करून सामाजिक न्यायाच्या कार्यात उतरू इच्छिणारी आजची तरुण मंडळी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याची पुस्तके मोठ्या आस्थेने वाचतात, आणि ती त्यांनी अवश्य वाचावीत. परंतु पळस्पे फाट्यावरून दक्षिणेस वळणारा रस्ता ज्या महाडला जाऊन पोहोचतो, तेथे हा अभ्यास आणि हे कार्य हातात हात घालून कित्येक दशके चालले होते, आणि त्याचे मुख्य साधन होते अर्ज. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. त्या दिवसापूर्वीची आणि नंतरची लेखणीची कष्टाची कामे विस्मृतीत जातात. मला ती अधिक मोलाची वाटतात.

महाडनजीकचे रावदुळ हे गोपाळबाबा वलंगकर ह्यांचे गाव. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांचा भरणा मोठा होता, आणि पलटणीत साक्षरतेची सोय असल्यामुळे पेन्शन घेऊन कोकणात परतणारा हवालदार किंवा सुभेदार गावी येताना सनदेबरोबर अक्षरज्ञानही घेऊन येत असे. दापोलीच्या छावणीत आणि सावित्रीकाठच्या दासगावात अशा पेन्शनरांच्या वस्त्याच होत्या. वलंगकर हे त्यांतलेच एक निवृत्त सैनिक. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता, आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेस शास्त्राधार कोठे आहे, असा रोकडा प्रश्न धर्ममार्तंडांपुढे ठेवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने महारांची फौजभरती बंद केली. काही वंश जात्याच लढवय्ये आणि काही जात्याच भित्रे, हा जो सिद्धांत साम्राज्याच्या सेनाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रमाण मानला होता, त्याचाच हा परिणाम होता. म्हणजे युरोपीय वंशकल्पना आणि येथील जातिकल्पना ह्यांची गाठ कुलाबा-रत्नागिरीच्या ह्या पेन्शनरांच्या दारातच पडली, आणि ज्यांच्या बापांनी व आज्यांनी लढाया मारल्या होत्या त्यांच्या मुलांना सरकारी शिक्क्यानिशी नालायक ठरविण्यात आले.

वलंगकरांनी ह्यावर जे केले ते एखाद्या निष्णात वकिलाला शोभावे असे होते. त्यांनी आपल्या अनार्यदोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये लष्करी वरिष्ठांसाठी एक विस्तृत अर्ज सिद्ध केला, त्यात आपल्या समाजाने फौजेत बजावलेल्या सेवेची कैफियत मांडली, आणि भरती पूर्ववत खुली करावी अशी मागणी केली. अर्ज फळला नाही. पुढच्याच वर्षी महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तीही तेथील वरिष्ठ जातींच्या सभासदांना मानवली नाही. १९०० मध्ये ते वारले. पण अर्ज लिहिण्याची, म्हणजे आपल्यावरील अन्यायाचे पुरावे गोळा करून, ते सुसंगत मांडून, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला उत्तर देणे भाग पाडण्याची जी रीत त्यांनी ह्या मुलखात रुजविली, ती त्यांच्याबरोबर गेली नाही.

त्या रीतीचा पुढचा वारसदार म्हणून मला रामचंद्र बाबाजी मोरे ह्यांचे नाव घ्यावेसे वाटते. मोरे हे महाड परिसरातलेच. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने ह्या मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने गप्प न बसता आपली तक्रार पत्राने वर्तमानपत्राकडे धाडली. प्रवेश मिळाला, परंतु बसायचे वर्गाबाहेर. ह्या मोऱ्यांनी पुढे महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी एक लहानसे चहाचे दुकान उभे राहण्यास हातभार लावला. कचेरीच्या किंवा बाजाराच्या कामास खेड्यापाड्यांतून आलेल्या महार-चांभारांना गावात घोटभर पाणीदेखील मिळण्याची मारामार असताना, ह्या दुकानात त्यांना चहा मिळे, पाणी मिळे, बसायला जागा मिळे, आणि मामलेदार कचेरीत द्यावयाचा अर्जही लिहून मिळे. महाडच्या परिषदेची बीजे अशा ठिकाणी पडली.

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव संमत करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून सुरेंद्रनाथ टिपणीस हे अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले. ठराव दप्तरी राहिला आणि तळ्यावरची वहिवाट तशीच राहिली. तेव्हा मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस आदी मंडळींनी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरविण्याचे ठरवून डॉ. भीमराव आंबेडकरांना अध्यक्षपद दिले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. तिच्या खर्चाच्या हिशेबातील एक बाब प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे : जमलेल्या हजारो माणसांच्या पिण्यासाठी त्या गावात चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. ज्या गावात तळे होते, आणि ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, त्याच गावात! दुसऱ्या दिवशी परिषदेतील लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवून त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला करण्यात आला, आणि पुढे पंचगव्य घातलेल्या एकशे आठ घागरींनी तळ्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला.

डिसेंबरातली दुसरी परिषद अधिक कसोटीची होती. मोटारमालक प्रवाशांना नेण्यास राजी नव्हते, म्हणून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरले. परिषदेसाठी हिंदूंपैकी कोणी जागा देईना, ती फत्तेखान नामक एका मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबरला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ह्यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तत्पूर्वीच प्रतिपक्षाने महाडच्या न्यायालयात दावा दाखल करून, तळे खाजगी आहे असे म्हणत, तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. जमलेल्या लोकांचा कल हुकूम मोडून तळ्यावर जावे असा असताना आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय घेतला, आणि २७ तारखेस ती हजारो माणसे पाण्यास न शिवता तळ्याभोवती शांतपणे फिरून परतली. ह्या निर्णयाला भीरुता म्हणणारे तेव्हाही होते. मला त्यात वलंगकरांच्या अर्जाची परंपरा दिसते : जेथे न्यायालयाने प्रश्न विचारला आहे, तेथे त्याचे उत्तर पुराव्याने द्यावयाचे. दाव्याची तड लागायला दहा वर्षे लागली. महाड, ठाणे आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय असा प्रवास झाला, साक्षी झाल्या, दस्तऐवज तपासले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी असल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आलेले नाही. सनातन म्हणून ज्याची दवंडी पिटली जात होती, त्याला सनातनत्वाचा पुरावा मागितला गेला आणि तो मिळाला नाही.

येथे सागरापलीकडच्या जगाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे आपले पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. स्वतः आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. जात ही वंशभेदातून निर्माण झाली, ही उपपत्ती मात्र त्यांनी ठामपणे नाकारली; पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच वंशाचे आहेत, असे त्यांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ ह्या निबंधात दाखविले. उपपत्ती वेगळी असली तरी दुःखाचे नाते त्यांनी ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्यांना पत्र पाठवून, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रो संघटनेने केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. पुन्हा अर्जच! १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे घेतले.

आता पाण्याकडून जमिनीकडे. अलिबागनजीकच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढाकाराने पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन न कसण्याची शपथ घेतली, आणि ती १९३९ पर्यंत, लाकूडफाटा विकून, करवंदे-कंदमुळांवर दिवस काढून पाळली. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून उचलणाऱ्या खोताच्या अंगणात आगरी कुळाचे आणि महार कुळाचे दुःख एकच होते, हे ह्या संपाने शिकविले. आंबेडकर डिसेंबर १९३४ मध्ये चरीला आले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात आणले. १० जानेवारी १९३८ रोजी वीस-पंचवीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा त्या मंडळावर गेला. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही, परंतु खोती १९४९ मध्ये गेली, आणि १९४८ च्या कुळकायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी कसणारा माणूस हळूहळू सातबारावर मालक म्हणून उभा राहिला. पाटलांनी १९३७ मध्ये काढलेले ‘कृषीवल’ अद्यापि अलिबागहून निघते.

ह्या मालकीचे वय फार लहान ठरले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ज्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादित झाल्या, त्यांत कळंबोलीही होती. ज्यांच्या बापजाद्यांना कुळकायद्याने नुकतीच जमीन मिळाली होती, त्यांनाच ती सरकारी दराने सोडावी लागली. जासईचे दि. बा. पाटील हे वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते. त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि अखेरीस संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आज ओझी वाहणारा माथाडीही १९६९ च्या माथाडी कायद्याच्या छत्राखाली आला तो अण्णासाहेब पाटील ह्यांच्या संघटनेच्या झुंजीमुळे. तो कायदाही आपोआप झालेला नाही.

तरीही कळंबोलीत व तिच्या शेजारच्या वसाहतींत भाड्याने घर मागणाऱ्याला आजही आधी आडनाव विचारले जाते, खाणेपिणे विचारले जाते, आणि ईशान्येकडून किंवा आफ्रिकेतून आलेल्या माणसाला तर त्याचा चेहरा पाहूनच खोली भरलेली असल्याचे सांगितले जाते. पनवेल तालुक्याच्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांवर स्थिती अधिक बिकट आहे. घर पिढ्यानपिढ्यांचे, पण घराखालची जागा दुसऱ्याच्या सातबारावर. पावसाळा संपताच वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन सहा-सहा महिने बाहेर राहावे लागते, आणि त्यामुळे मुलांची शाळा आणि रेशनचे धान्य ही दोन्ही सुटतात. जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, रेशनपत्रिका, गावठाणात नाव लावून घेणे, ही सर्व कामे अर्जांची आहेत. ते अर्ज शुद्ध लिहून, सोबतची कागदपत्रे जोडून, पोच घेऊन, मुदतीत उत्तर न आल्यास पुन्हा जाऊन विचारणारी लिहिती-वाचती माणसे त्या वाड्यांना हवी आहेत, आणि पनवेलचे तहसील कार्यालय कळंबोलीहून मुळीच दूर नाही.