अली दाई

दाई, अली : (२१ मार्च १९६९ – ). इराणी फुटबॉलपटू, राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार आणि प्रशिक्षक. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये देशासाठी शंभर गोल करणारे ते पहिले खेळाडू होत. २००३ ते २०२१ या काळात सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम त्यांच्या नावावर होता; पुढे तो पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने मोडला. राष्ट्रीय संघाकडून त्यांनी गोलांची रास घातली, पण युरोपातील क्लबांकडून त्यांची गोलसंख्या बेताचीच राहिली. प्रशिक्षक झाल्यावर मात्र हे गणित उलटले. क्लबांना त्यांनी विजेतेपदे मिळवून दिली आणि राष्ट्रीय संघाची सूत्रे मात्र जेमतेम वर्षभर त्यांच्या हाती राहिली.

पूर्वायुष्य : दाई यांचा जन्म वायव्य इराणमधील अर्दबील या थंड हवेच्या शहरात, अझरी भाषक कुटुंबात झाला. तेहरानच्या शरीफ तंत्रविज्ञान विद्यापीठात त्यांनी धातुशास्त्राचे अभियांत्रिकी शिक्षण घेतले. इराणमधील अत्यंत कठीण प्रवेशपरीक्षेतून या विद्यापीठात जागा मिळते. त्यामुळे ‘शिकलेला फुटबॉलपटू’ ही त्यांची ओळख कारकिर्दीच्या आरंभापासूनच रूढ झाली. एस्तेगलाल अर्दबील या गावच्या संघातून त्यांनी खेळायला सुरुवात केली. तेहरानला आल्यावर ते टॅक्सीरानी आणि १९९० पासून बँक तेजारत या संघांकडून खेळले. दोन्ही संघ आस्थापनांचे होते. त्या काळी इराणमध्ये अनेक क्लब सरकारी वा निमसरकारी संस्थांच्या आश्रयाने चालत आणि खेळाडू त्यांतूनच वर येत.

१९९४ मध्ये ते तेहरानच्या पर्सेपोलिस या लाल गणवेशाच्या संघात आले. पर्सेपोलिस आणि तेहरानचाच, निळ्या गणवेशाचा एस्तेगलाल यांच्यातील सामना इराणी फुटबॉलमधील सर्वांत मोठा मानला जातो आणि तेहरानचे आझादी स्टेडियम त्या दिवशी तुडुंब भरत असे. दाई यांच्या उपस्थितीत पर्सेपोलिसने १९९५-९६ चे राष्ट्रीय साखळी विजेतेपद मिळवले. त्यानंतर एक हंगाम ते कतारच्या अल-सद्द क्लबकडे होते.

राष्ट्रीय संघात उदय : जून १९९३ मध्ये तेहरानमधील आर्थिक सहकार्य संघटनेच्या (एको) चषक स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय संघात पदार्पण केले. त्याच महिन्यात चायनीज तैपेईविरुद्ध विश्वचषक पात्रता फेरीत त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल झाला.

आशियाभर त्यांचे नाव गाजले ते १९९६ च्या आशिया चषकात. संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या या स्पर्धेत त्यांनी आठ गोल केले आणि सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरले. १६ डिसेंबर १९९६ रोजी दुबईत दक्षिण कोरियाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना विशेष स्मरणीय ठरला. मध्यंतराला कोरिया २-१ असा पुढे होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीस खोदादाद अझीझीने बरोबरी साधली आणि त्यानंतरचे चारही गोल एकट्या दाई यांनी केले. सामना ६-२ असा संपला. आशियातील एका बलाढ्य संघाचा बाद फेरीत असा धुव्वा उडणे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. उपांत्य फेरीत सौदी अरेबियाकडून पेनल्टींवर हार पत्करून इराण तिसऱ्या स्थानी राहिला.

मेलबर्नचा सामना : फ्रान्समधील १९९८ च्या विश्वचषकासाठी इराणला पात्रतेची लांबलचक वाट चालावी लागली. १६ नोव्हेंबर १९९७ रोजी मलेशियातील जोहोर बाहरू येथे जपानविरुद्ध दाई यांनी गोल करून इराणला २-१ अशी आघाडी मिळवून दिली होती. पण जपानने बरोबरी साधली आणि जादा वेळेतील गोल्डन गोलवर सामना जिंकला. उरलेल्या एका जागेसाठी इराणची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली. तेहरानमधील पहिला सामना १-१ असा सुटला. २९ नोव्हेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलियाने २-० अशी आघाडी घेतली आणि विश्वचषकाचे तिकीट जवळपास खिशात टाकले. मध्येच एका प्रेक्षकाने मैदानात घुसून गोलजाळे तोडल्यामुळे खेळ थांबला. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत करीम बागेरीने एक गोल फेडला. पाठोपाठ दाई यांनी बचावफळीच्या मधून चेंडू पुढे सरकवला आणि अझीझीने गोलरक्षकाला चकवून बरोबरी केली. एकूण ३-३ अशा बरोबरीत परक्या मैदानावरील गोल इराणला तारून गेले. १९७८ नंतर प्रथमच इराण विश्वचषकात पोहोचला. बातमी कळताच तेहरानमध्ये लोक रस्त्यावर आले आणि संघ परतला तेव्हा आझादी स्टेडियममधील स्वागताला स्त्रियाही आत शिरल्या. इस्लामी क्रांतीनंतर त्यांना फुटबॉल स्टेडियमचे दरवाजे बंद होते.

विश्वचषकात २१ जून १९९८ रोजी लियाँ येथे इराणने अमेरिकेला २-१ असे हरवले. विश्वचषकातील इराणचा हा पहिलाच विजय. गोल हमीद एस्तिली आणि मेहदी महदवीकिया यांनी केले. दाई यांना मात्र १९९८ आणि २००६ या दोन्ही विश्वचषकांत गोल करता आला नाही. १९९८ च्या बँकॉक आणि २००२ च्या बुसान येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत ते होते.

जर्मनीतील वर्षे : १९९७ मध्ये दाई आणि बागेरी हे दोघेही बुंडेसलीगातील आर्मिनिया बीलेफेल्ड या क्लबकडे गेले. पहिल्या हंगामात दाई यांनी सात गोल केले, तरी संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्यांना मात्र थेट बायर्न म्युनिककडून बोलावणे आले. ओटमार हिट्झफेल्ड यांच्या प्रशिक्षणाखालील त्या संघात पहिल्या अकरांत स्थान मिळवणे सोपे नव्हते. १९९८-९९ च्या हंगामात त्यांना बहुधा बदली खेळाडू म्हणूनच उतरवले जाई. बायर्नने त्या वर्षी बुंडेसलीगा जिंकली. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेडने अखेरच्या क्षणी दोन गोल करून चँपियन्स लीगचा अंतिम सामना हिसकावून घेतला, तेव्हा दाई बायर्नच्या राखीव बाकावर होते.

अधिक खेळायला मिळावे म्हणून ते बर्लिनच्या हेर्टा क्लबकडे गेले. त्यांच्या युरोपीय कारकिर्दीतील उत्तम आठवडा तेथेच आला. सप्टेंबर १९९९ मध्ये चँपियन्स लीगमध्ये हेर्टाने चेल्सीला २-१ असे हरवले आणि दोन्ही गोल दाई यांचे होते. पुढच्याच सामन्यात मिलानच्या सान सिरो मैदानावर एसी मिलानला १-१ असे रोखताना गोल त्यांनीच केला. त्या वर्षी आशियातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्यांना मिळाला. असे असले तरी बुंडेसलीगातील तीन क्लबांकडून मिळून त्यांची नोंद १०७ सामन्यांत १९ गोल एवढीच आहे. २००२ मध्ये दुबईच्या अल-शबाबकडे आणि तेथून पुन्हा पर्सेपोलिसकडे ते आले. नंतर सबा बॅटरी या संघाकडून खेळताना २००५ चा हझफी चषक, म्हणजे इराणची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा, त्यांनी जिंकला.

गोलविक्रम : हंगेरीचे फेरेन्क पुश्काश यांचे ८४ आंतरराष्ट्रीय गोल दीर्घकाळ शिखरस्थानी मानले जात. नोव्हेंबर २००३ मध्ये लेबनॉनविरुद्ध दाई यांनी ८५ वा गोल करून त्यांना मागे टाकले. १७ नोव्हेंबर २००४ रोजी तेहरानमध्ये लाओसविरुद्धच्या ७-० अशा विजयात चार गोल करून त्यांनी शंभरी ओलांडली. मार्च २००६ मध्ये कोस्टा रिकाविरुद्ध त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय गोल झाला. त्यांची एकूण संख्या दीर्घकाळ १०९ अशी नोंदली गेली. नंतरच्या काही नोंदींत ती १०८ अशी दिसते.

या विक्रमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : पात्रता फेऱ्यांत दुबळ्या संघांविरुद्ध गोलांची बेगमी झाली. लाओसविरुद्धच्या चार गोलांकडे पाहता त्यात तथ्य आहे. पण दक्षिण कोरियाविरुद्धचे चार गोल आणि जपानविरुद्धचे गोलही त्याच यादीत आहेत. दाई यांच्या काळात आशियातील संघांना युरोप वा दक्षिण अमेरिकेतील संघांशी अधिकृत सामने खेळण्याची संधी क्वचितच मिळे. जे प्रतिस्पर्धी समोर आले त्यांच्याविरुद्ध त्यांनी तेरा वर्षे सातत्य राखले, हे मान्य करावे लागते.

जर्मनीतील २००६ चा विश्वचषक त्यांच्यासाठी कडू ठरला. सदतिशीतल्या कर्णधाराला संघात ठेवावे की नाही यावर इराणमध्ये वाद पेटला. मेक्सिकोकडून झालेल्या १-३ अशा पराभवानंतर टीकेचा रोख त्यांच्यावर होता. पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात ते मैदानावर उतरले नाहीत. त्याच सामन्यात पेनल्टीवर रोनाल्डोने विश्वचषकातील आपला पहिला गोल केला. २१ जून रोजी लाइपझिग येथे अँगोलाविरुद्धची १-१ अशी बरोबरी हा दाई यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. रोनाल्डोने जून २०२१ मध्ये १०९ गोलांची बरोबरी केली आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी आयर्लंडविरुद्ध दोन गोल करून विक्रम मोडला. दाई यांनी त्याचे जाहीर अभिनंदन केले. पुढे लायोनेल मेस्सीही त्यांच्या पुढे गेला. या यादीत त्यांच्या खालोखाल भारताचा सुनील छेत्री येतो.

खेळशैली : सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर उंची आणि हवेतील चेंडूवरची हुकमत ही त्यांची मुख्य शस्त्रे. वेग वा चेंडू घोळवण्याचे कसब यांत त्यांचे राष्ट्रीय संघातील साथीदार अझीझी किंवा अली करीमी सरस होते. बाजूने येणारा उंच पास नेमका कोठे पडणार याचा अंदाज घेऊन बचावपटूच्या आधी तेथे पोहोचणे, ही दाई यांची खासियत. पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू रोखणे आणि मागून धावत येणाऱ्या साथीदाराला तो सोडणे हेही ते उत्तम करीत. मेलबर्नमधील पास हा त्याच गुणाचा नमुना होय. इराणी चाहत्यांनी त्यांना ‘शहरियार’ (राजा) हे बिरुद दिले.

प्रशिक्षक : २००६ मध्ये ते सायपा या मोटार कंपनीच्या क्लबकडे खेळाडू म्हणून आले. हंगामाच्या सुरुवातीलाच जर्मन प्रशिक्षक वेर्नर लोरांट निघून गेल्याने खेळाडू-प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर आली. सायपाने २००६-०७ ची साखळी जिंकली आणि मे २००७ मध्ये विजेतेपद हाती येताच त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली.

मार्च २००८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. प्रशिक्षणाचा अनुभव पुरता दोन हंगामांचाही नव्हता. ऑगस्टमध्ये तेहरानला झालेली पश्चिम आशियाई स्पर्धा इराणने जिंकली. मात्र २०१० च्या विश्वचषकासाठीच्या अंतिम पात्रता फेरीत पहिल्या चार सामन्यांतून एकच विजय आणि तीन बरोबरी हाती आल्या. २८ मार्च २००९ रोजी आझादीवर सौदी अरेबियाविरुद्ध इराणने आघाडी घेतली, पण सामना १-२ असा गमावला. त्याच दिवशी दाई यांना पदावरून दूर करण्यात आले. ती पात्रता इराणला अखेर मिळालीच नाही.

क्लबांत त्यांचा जम पुन्हा बसला. डिसेंबर २००९ मध्ये पर्सेपोलिसची सूत्रे हाती घेऊन त्यांनी २०१० आणि २०११ असे लागोपाठ दोन हझफी चषक जिंकून दिले. त्यानंतर राह आहन, २०१३ मध्ये पुन्हा पर्सेपोलिस, मग सबा कोम असा प्रवास झाला. पर्सेपोलिसच्या दुसऱ्या खेपेत २०१३-१४ मध्ये संघ उपविजेता ठरला, पण सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नफ्त तेहरान हा क्लब आर्थिक ओढाताणीत सापडला असताना २०१७ चा हझफी चषक त्यांनी जिंकून दाखवला. प्रशिक्षक म्हणून दाई यांचा हा तिसरा हझफी चषक होता. २०१७ ते २०१९ या काळात ते पुन्हा सायपाकडे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आशियाई चँपियन्स लीगच्या प्राथमिक फेरीत त्यांच्या संघाने भारताच्या मिनर्व्हा पंजाबला ४-० असे हरवले.

कडक शिस्त, उंच चेंडूंवर आणि शारीरिक ताकदीवर भर, तसेच क्लब व्यवस्थापन व महासंघावर उघड टीका ही त्यांच्या प्रशिक्षकपदाची वैशिष्ट्ये सांगितली जातात. बहुतेक ठिकाणी त्यांचा मुक्काम एक-दोन हंगामांचाच राहिला.

सार्वजनिक जीवन : खेळाबरोबरच त्यांनी क्रीडा पोशाखांचा व्यवसाय उभारला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केरमानशाह प्रांतात भूकंप झाल्यावर त्यांच्या आवाहनावरून मोठा मदतनिधी जमा झाला. २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलिस कोठडीतील मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाला त्यांनी जाहीर पाठिंबा दिला आणि कतारमधील विश्वचषकाचे निमंत्रण नाकारले. त्याच वर्षअखेरीस तेहरानमधील त्यांचे दागिन्यांचे दुकान व उपाहारगृह यांना टाळे ठोकण्यात आले. त्यांची पत्नी व मुलगी दुबईला निघाल्या असताना विमान किश बेटावर उतरवून त्यांना परत पाठवण्यात आले.

सन्मान व मूल्यमापन : आशियाई फुटबॉल महासंघाने २०१४ मध्ये आपल्या ‘हॉल ऑफ फेम’ या मानकऱ्यांच्या दालनाची पहिली यादी जाहीर केली. तीत दाई यांच्यासह भारताचे बायचुंग भुतिया यांचाही समावेश होता. दाई व बागेरी यांच्या पिढीने युरोपातील मोठ्या साखळीची वाट मळली आणि महदवीकिया, वाहिद हाशेमियन, करीमी हे त्या वाटेने जर्मनीत गेले. बायर्नचा राखीव बाक आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद या दोन्ही ठिकाणी त्यांच्या मर्यादा उघड झाल्या. तरीही एखादा आशियाई खेळाडू गोलांच्या जागतिक यादीत सर्वांच्या वर अठरा वर्षे राहू शकतो, हे त्यांच्या आधी कोणी दाखवून दिले नव्हते.