धक्का कोणाचा, भरपाई कोणाची

इंग्लंडात एके काळी माणूस गाडीखाली सापडून मेला की गाडीवानाच्या आधी चाकाचा निवाडा होई. ज्या वस्तूने मरण घडवले ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा करायची, असा मध्ययुगापासूनचा रिवाज होता. त्याला 'डिओडंड' म्हणत. गाडी असो, घोडा असो, मृत्यूची चौकशी करणारे पंच तिचे मोल ठरवत, आणि बहुतेक वेळा ते किरकोळच ठरे. आगगाडी आल्यावर मात्र या म्हाताऱ्या रिवाजाला नव्याने दात फुटले. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोदखिंडीत रुळांवर दरड आली, गाडी घसरली आणि गरीब प्रवासी उघड्या डब्यांतून फेकले जाऊन दगावले. पंचांनी इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडंड लावला, तेव्हा रेल्वे कंपन्यांचे धाबे दणाणले. १८४६ साली पार्लमेंटने दोन गोष्टी बरोबरच केल्या. डिओडंड रद्द केला, आणि दुसऱ्याच्या चुकीमुळे दगावलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला. नऊच वर्षांनी, १८५५ मध्ये, तोच हक्क हिंदुस्थानातही कायद्याने आला. दोष वस्तूवरून उतरला आणि माणसाच्या चुकीवर जाऊन बसला. मोटार आणि सायकल यांच्या धडकेत 'चूक कोणाची' हा आपला पहिला प्रश्न असतो, त्याची मुळे इथवर पोचतात.

चुकीचा हिशेब मांडायची रीत त्याआधीच ठरू लागली होती. १८०९ च्या एका खटल्यात डर्बी गावातला एक घोडेस्वार आपल्याला भेटतो. ऑगस्टची संध्याकाळ, आठाचा सुमार, घरोघरी मेणबत्त्या लावायची वेळ. हा गृहस्थ दारूच्या गुत्त्यातून निघून घोडा फेकत चालला होता. शेजारच्या घरमालकाने डागडुजीसाठी रस्त्यात वासा आडवा टाकला होता. घोडा त्याला अडखळला, स्वार पडला आणि जबर जखमी झाला. साक्षीत निघाले की वासा शंभर यार्डांवरून दिसण्याइतका उजेड होता. न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याची चूक असली, तरी स्वतः सावध न राहणाऱ्याला काही मिळणार नाही. वाश्याच्या मालकाने एक पैही दिली नाही. पुढे शतकभर इंग्लंडात हाच न्याय चालला. जखमीची रतीभर चूक निघाली की सगळी भरपाई बुडाली!

या कठोर नियमाला पहिले भगदाड पाडले ते एका गाढवाने. मालकाने पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्याच्या कडेला चरायला सोडले होते. उतारावरून तीन घोड्यांची गाडी बऱ्याच वेगात आली आणि त्याला चिरडून गेली. १८४२ च्या निकालात न्यायमूर्ती पार्क यांनी गाढव तिथे असायला नको होते हे मान्य केले. तरीही, अपघात टळेल अशा वेगाने गाडी हाकणे हे गाडीवानाचे कामच होते, असे ते म्हणाले. नाहीतर रस्त्यात झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गाडी नेणेही समर्थनीय ठरेल, हा त्यांचा युक्तिवाद. ज्याच्या हातात टाळण्याची शेवटची संधी होती त्याने जबाबदारी घ्यावी, असे सूत्र पुढे या निकालावरून काढले गेले. घोडेस्वार आणि गाढव, हे दोन्ही खटले आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत एकमेकांशेजारी नांदतात.

सायकल या कथेत शिरली ती मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातून. १८७९ साली इंग्लंडात बेफाम सायकल हाकणाऱ्या एकावर १८३५ च्या रस्ते कायद्याखाली खटला झाला. सायकल म्हणजे 'गाडी' नव्हेच, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. १८८८ च्या कायद्याने सायकलीला गाडीचा दर्जा रीतसर दिला, रस्त्याचा हक्क दिला आणि त्याच दमात एक बंधनही घातले. कोणाला ओलांडून जाताना घंटी वाजवायची, म्हणजे आपण येत आहोत हे सांगण्याचा भार अधिक वेगाने येणाऱ्यावर. हा तपशील आपण लक्षात ठेवू, कारण पुढच्या पन्नास वर्षांत तो भार गुपचूप उलट दिशेला सरकला. ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका ड्युरिया मोटारीने सायकलवरच्या बाईंना धडक दिली. त्यांचा पाय मोडला आणि चालकाने ती रात्र कोठडीत काढली. अमेरिकेतला हा पहिला नोंदलेला मोटार अपघात मानतात. त्या घडीला तरी नवख्या यंत्राकडे संशयाने पाहिले जात होते.

मग मोटारी वाढल्या, आणि रस्ता कोणाचा याबद्दलची समजूत बदलली. त्याची उत्तम साक्ष म्हणजे मागच्या दिव्याचा वाद. आज सायकलीला मागे तांबडा दिवा असावा हे कोणालाही शहाणपणाचे वाटेल. पण १८७८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब'ने या दिव्याच्या सक्तीला वर्षानुवर्षे विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. मागून येणाऱ्याने आपल्या दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल अशा वेगाने यावे. सायकलस्वारावर दिव्याची सक्ती केली, तर उद्या दिवा विझला म्हणून चिरडला गेलेला माणूसच दोषी ठरेल. १९२७ च्या कायद्याने दिव्याऐवजी तांबडे परावर्तक चालवून घेतले. पुढे मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा आला. १९३९ च्या महायुद्धात शहरे अंधारात बुडाली तेव्हा मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि युद्ध संपले तरी सक्ती उठली नाही. दिवा उपयोगी आहे याबद्दल मला शंका नाही, पण क्लबाने वर्तवलेले भाकीतही खरे ठरले. पाहणे ही चालकाची जबाबदारी होती, 'दिसत राहणे' ही सायकलस्वाराची झाली. २००९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हेल्मेट न घालणे हाही सायकलस्वाराचा हातभार ठरू शकतो असे म्हटले. कायद्याने हेल्मेट सक्तीचे नसताना! त्या खटल्यात हेल्मेटने काही फरक पडला असता हे सिद्ध न झाल्याने भरपाई कापली गेली नाही, एवढेच.

युरोपच्या मुख्य भूमीवर याच काळात दुसरी वाट पडत होती, आणि तिचाही उगम रेल्वेतच सापडतो. ३ नोव्हेंबर १८३८ च्या प्रशियाच्या रेल्वे कायद्यातले २५ वे कलम असे होते की गाडीमुळे नुकसान झाले की कंपनीने भरून द्यायचे. त्यातून सुटायचे तर जखमीची स्वतःचीच चूक किंवा बाहेरून आलेले अटळ संकट कंपनीने सिद्ध करायचे. चूक कोणाची हे विचारण्याआधी, हा धोका रस्त्यावर कोणी आणला, हे इथे विचारलेले दिसते. १९०९ मध्ये जर्मनीने तोच विचार मोटारीला लावला. फ्रान्समध्ये हे काम न्यायालयाने केले. मालट्रकखाली सापडलेल्या एका मुलीच्या खटल्यात १३ फेब्रुवारी १९३० रोजी तिथल्या सर्वोच्च पीठाने, वस्तू ज्याच्या ताब्यात त्याच्यावर दायित्व, असा निवाडा दिला. डिओडंड पुरल्याला शतक होत आले होते, आणि वस्तू पुन्हा न्यायासनासमोर उभी राहिली होती. या वेळी पैसा मात्र राजाकडे न जाता जखमीकडे गेला. ५ जुलै १९८५ च्या कायद्याने फ्रान्सने हे पूर्णत्वास नेले. न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या नावाने तो ओळखला जातो. सायकलस्वाराची अक्षम्य चूक, आणि तीही अपघाताचे एकमेव कारण असेल, तरच त्याची भरपाई नाकारता येते. सोळा वर्षांखालच्या आणि सत्तरीपुढच्या माणसांना याहूनही अधिक संरक्षण आहे.

नेदरलँड्सचे उदाहरण सगळेच देतात आणि बहुतेक अर्धेच देतात. तिथल्या १९९४ च्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार मोटारमालकाला टाळता न येणारी परिस्थिती सिद्ध करता आली नाही, तर भरपाई द्यावी लागते. न्यायालयांनी त्यात भर घातली ती अशी, की चौदा वर्षांखालील मुलाला पूर्ण भरपाई, आणि मोठ्यांची स्वतःची चूक असली तरी निदान निम्मी. अपवाद फक्त मुद्दाम केलेल्या किंवा तितक्याच बेदरकार कृतीचा. पण या कायद्यामुळेच तिथले सायकलस्वार सुरक्षित झाले ही समजूत मला पटत नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत शेकडो मुले होती. मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून 'मुलांची हत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली, आणि सरकारला रस्ते नव्याने बांधावे लागले. कायदा अपघात झाल्यावर बोलतो, रस्त्याची आखणी त्याआधी. ब्रिटनने १९४५ मध्ये घोडेस्वाराचा जुना नियम मोडून, जेवढी चूक तेवढी कपात असा मधला मार्ग काढला. २९ जानेवारी २०२२ पासून तिथल्या वाहतूक संहितेत जड वाहनाची जबाबदारी अधिक हे तत्त्व लिहिले गेले, तरी भरपाईसाठी चूक सिद्ध करावीच लागते.

आता आपण घराकडे वळू. हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात होते, १८६० च्या दंडसंहितेतून ते गळले आणि १८७० मध्ये ३०४-अ म्हणून परत आले. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची मर्यादा घालून दिली. आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण असले पाहिजे, नुसता हातभार पुरत नाही. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात मात्र कायद्याशी लोकांची गाठ पडे ती चौकात. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नाही, डायनॅमो चालत नाही, डबलसीट चालला आहे, म्हणून हवालदार शिट्टी मारी आणि दंड होई. रस्त्यावर शिस्त पाळायची ती सायकलवाल्याने, हा संस्कार तिथेच झाला असावा.

भरपाईची कहाणी १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून सुरू होते. त्रयस्थांसाठी विम्याची सक्ती १९४६ मध्ये अमलात आली आणि १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. चूक सिद्ध केल्याशिवाय भरपाई मिळावी का, हा प्रश्न मुंबईच्या एका प्रकरणातून ऐरणीवर आला. उच्च न्यायालयाचा कल दावेदाराकडे होता, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चूक सिद्ध करावीच लागेल असे ठणकावले. पाच वर्षांत संसदेने वाट काढली. १९८२ मध्ये कलम ९२-अ आले. मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये, चूक कोणाचीही असो. जखमीची स्वतःची चूक आहे म्हणून ही रक्कम कापता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले. १८०९ च्या घोडेस्वाराला पावणेदोनशे वर्षांनी, परक्या देशात, थोडासा न्याय मिळाला म्हणायचा. रकमा पुढे वाढत गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीतले, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले कलम १६४ मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख देते.

आपल्याकडे नाक्यावर जमलेली गर्दी कायम मोठ्या गाडीवाल्यालाच धरते, अशी मोटारवाल्यांची जुनी तक्रार आहे. गर्दीच्या मारहाणीचे समर्थन कोणी करू नये. पण 'मोठ्याने भरून द्यावे' या तिच्या हिशेबात आणि १९०९ च्या जर्मन कायद्यात अंतर वाटते तेवढे नाही. अडाणी म्हणून ज्याला हसतात तो न्याय कायदेपंडितांनीही शंभर वर्षे घासून घासून गाठला आहे.

पाच लाखांपलीकडचे मागायचे तर मात्र कलम १६६ खाली जावे लागते, आणि तिथे चूक पुन्हा दारात उभी असते. सगळी मदार मग घटनास्थळ पंचनाम्यावर येते. ब्रेकच्या खुणा किती लांब, काचांचा चुरा रस्त्याच्या कोणत्या बाजूला, सायकल कुठे पडली, पुढचे चाक कोणत्या अंगाने वाकले, मागे परावर्तक होता का. हा कागद लिहिला जातो तेव्हा सायकलस्वार बहुधा रुग्णालयात असतो, आणि चालक जागेवर उभा राहून आपली बाजू सांगत असतो. सायकल उलट बाजूने येत होती, असे एक वाक्य त्यात शिरले की पुढे न्यायाधिकरणात टक्क्यांनी रक्कम वजा होते. म्हणून ज्यांच्या घरात कोणी सायकलवर कामाला किंवा शाळेत जाते त्यांना एवढेच सांगणे आहे. अपघात झालाच, तर घरातल्या एकाने रुग्णालयात जावे आणि दुसऱ्याने पंचनाम्याच्या जागी उभे राहावे, वाकडी झालेली सायकल दुरुस्तीला टाकू नये, साक्षीदारांचे फोन क्रमांक तिथेच घ्यावेत. कलम १६४ खालची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला विचारावे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी अर्ज मुदतीतच करावा.