जीपचा फाळका

आबा सातारा जिल्ह्यात पोलीस ड्रायव्हर होते. त्यांचा नोकरीतला एकच फोटो आमच्या घरात आहे. खाकी हाफ पँट, एक पाय जीपच्या बंपरवर, मागे पाटणची पोलीस लाइन. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं फक्त ‘1968’ लिहिलंय. बाबांच्या सत्तरीला ही जीप करून द्यायची, तळहातावर मावेल एवढी, असं मी ठरवलं.

तामिया या जपानी कंपनीचा जीपचा किट मिळतो, 1:35 मापाचा. हे 35 कुठून आलं? कंपनीनं पहिला मोटारवाला रणगाडा काढला तेव्हा त्यात बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. बॅटऱ्यांवरून रणगाड्याचं माप ठरलं, आणि तेच पुढे सगळ्यांचं झालं. किटमधली जीप मात्र दुसऱ्या महायुद्धातली ‘विलीज एमबी’. रंग बदलायचा, ‘पोलीस’ लिहायचं, वर एक दिवा लावायचा, की झालं काम, असा माझा समज होता.

सुटे भाग फोटोशेजारी मांडले आणि समज गळून पडला. एमबीच्या जाळीला नऊ फटी, आबांच्या जीपला सात. एमबीचे हेडलाइट जाळीच्या आत दडलेले, आबांचे डोळे वटारल्यासारखे बाहेर. एमबीची समोरची काच दोन तुकड्यांची, आबांची सलग. आणि बॉनेट! आबांच्या जीपचं बॉनेट असं उंच की जीपनं फेटा बांधलाय असं वाटावं.

ही ‘सीजे-3बी’. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, साध्या नागरिकांची. अमेरिकेत ती 1953 साली आली. तिच्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. आपल्याकडे हे मॉडेल महिंद्रनं बनवलं. 1945 साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्र अँड मोहम्मद’. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव बदललं. जीपची जुळणी 1949 मध्ये मुंबईत माझगावला सुरू झाली. लढाईसाठी जन्मलेली गाडी अशी आपल्या तहसील कचेऱ्यांत आणि पोलीस ठाण्यांत पोचली.

मग मी भाग घडवायला बसलो. नशीब एवढंच की दोन्ही जीपच्या चाकांमधलं अंतर एकच, 80 इंच. 1:35 मध्ये ते होतं 58 मिलिमीटर. खरा एक इंच म्हणजे इथे 0.73 मिलिमीटर, त्यामुळे हात जरा हलला की बॉनेट दोन इंच चुकलंच. बॉनेट प्लॅस्टिकच्या शीटचं केलं, जाळी ब्लेडनं कोरली, ती तिसऱ्या खेपेला जमली. हेडलाइटला आईच्या खड्यांच्या टिकल्या कामी आल्या.

पोलिसी सामानानं वेगळाच धडा शिकवला. एका खेळण्यातल्या गाडीचा निळा दिवा मी काढून ठेवला होता. फोटोत दिवा नाही, भोंगाही नाही. वर फक्त कॅनव्हासचा टप. नंबरप्लेटसाठी ‘एमएच 11’ छापून आणलं, साताऱ्याचा नंबर म्हणून. पण एमएच आलं 1989 मध्ये, नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर. तोवर आबा निवृत्त झाले होते. काचेखालच्या अक्षरांतही मी चुकलो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ‘पोलीस’मधली ली दीर्घ. फोटोतल्या पेंटरनं ती ऱ्हस्व काढलीय. मी दीर्घ खरवडून ऱ्हस्व केली. मला नियमातली जीप करायची नव्हती, आबांची करायची होती.

सगळ्यात जीव ओतला तो मागच्या फाळक्यावर. लष्करी एमबीला फाळका नसतो. मागे बंद पत्रा आणि त्यावर स्टेपनी. सीजेची स्टेपनी बाजूला जाते आणि मागे खाली पडणारा फाळका येतो. आबांचा फोटो समोरून काढलेला, म्हणून कारखान्याच्या जुन्या चित्रांवरून माप घेतलं. बिजागऱ्या केल्या. बिघडलेल्या इअरफोनमधली तांब्याची तार पिळून दोन साखळ्या केल्या. त्यात चार रात्री गेल्या.

बाबांनी जीप हातात घेतली. बॉनेटवरून अंगठा फिरवला, ‘पोलिस’ वाचून हसले. मग मागची बाजू बघितली आणि म्हणाले, “छान झालाय रे फाळका. पण हा काढ.”

11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून गेलेले. कोयनेचा भूकंप. सुमारे 180 माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. कोयनानगर पाटण तालुक्यातच. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का, याची चर्चा पुढे जगभर झाली आणि त्या चर्चेत कोयनेचं नाव आजही पहिल्या काहींत असतं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना आठवते ती जीप.

“स्ट्रेचर कुठलं मिळायला? लोक बाजेवरच आणायचे माणसांना. बाज आत सरकवली की पाय बाहेर यायचे, आणि फाळका आडवा. आबांनी पान्यानं तो उतरवला नि टाकला लाइनीत आमच्या दारात. किती फेऱ्या केल्या ते मोजलं नाही कुणी.”

“मग परत नाही बसवला?”

“आई म्हणायची, सरकारी वस्तू आहे, लावून टाका. आबा म्हणायचे, राहू दे, परत लागेल गाडी. धक्के बसतच होते ना. फोटो काढला त्या दिवशीही फाळका आमच्या दारातच होता.”

मी पुन्हा फोटो बघितला. समोरून काढलेल्या फोटोत जीपची पाठ कशी दिसणार? माझ्याकडे कारखान्यातली जीप होती आणि मी तिलाच आबांची समजत होतो. मागे उघडणारी ही नागरिकांची जीप पाटणला नसती, लष्करी जीपच असती, तर त्या पहाटे बाज आत गेलीच नसती.

ब्लेडनं फाळका सोडवला. बिजागऱ्या तशाच ठेवल्या, रिकाम्या. जीप आता बाबांच्या कपाटात आबांच्या फोटोपुढे आहे, पाठ आपल्याकडे करून. ती तशी बाबांनीच ठेवली.